सकाळचा पहिला नमुना

२४ ऑक्टोबर १९७१, रविवार

दिवाळी होऊन आठवडा झाला. चोपन्न वर्षांत मी कधी रोजनिशी लिहिली नाही. आज ही वही घेतली, कारण गोष्टच अशी आहे की कोणाशी बोलता येत नाही.

सकाळी लघवीचा रंग बदललेला दिसला. कोऱ्या चहासारखा. दुसरा कोणी म्हणेल भास झाला असेल. मी तसं म्हणणार नाही. लष्करी ट्रक बनवणाऱ्या फॅक्टरीच्या पेंट शॉपमध्ये सव्वीस वर्षं रंगाची तपासणी करतो आहे. रंगाच्या दोन डब्यांत केसाएवढा फरक असला तरी मी पत्रा परत पाठवतो. माझा डोळा फसत नाही.

जेवणात बीट नव्हतं. जांभळं नव्हती. मग हा रंग आला कुठून?

घरात माणसं तीन. मी, मुलगा चंद्रशेखर आणि त्याची बायको विनता. चंद्रशेखर रेल्वेत गार्ड आहे, आणि सध्या लष्कराच्या गाड्या इतक्या सुटताहेत की महिन्यातून चार दिवस घरी दिसला तर दिसला. माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली. म्हणजे अधारताल वस्तीतल्या या घरात उरलो मी आणि सून. लग्नाला दीड वर्ष झालं आहे. बोलायला गोड आहे. पण तोंडाच्या शब्दावर मी माल पास करत नाही.

थिनरच्या वासानं डोकं धरलं होतं. दोन गोळ्या घेतल्या तेव्हा हे लिहिण्याइतका मोकळा झालो.

२७ ऑक्टोबर

पद्धतशीर काम सुरू केलं. औषधाच्या रिकाम्या बाटल्या उकळून वाळवल्या. सकाळी उठल्यावरचा पहिला नमुना बाटलीत घ्यायचा, तारखेची चिठ्ठी लावायची आणि उत्तरेकडच्या खिडकीत धरून पाहायचा. उत्तरेचा उजेड सरळ उन्हाचा नसतो, म्हणून रंग खरा दिसतो. फॅक्टरीतही हाच नियम आहे. पाहून झालं की बाटली कॅलेंडरमागच्या कोनाड्यात.

फॅक्टरीची जुनी रंगपट्टी घरी आहे. सोमवार: गडद तपकिरी. मंगळवार: मोहरीचा पिवळा, वर फेस. तो बराच वेळ बसला नाही. आज पुन्हा तपकिरी.

तुळशीरामला आडून विचारलं. तो माझ्याच टेबलावरचा, यवतमाळकडचा, तीस वर्षांचा दोस्त. म्हटलं, माझ्या एका ओळखीच्या माणसाला असं होतंय.

"त्या ओळखीच्याले सांग पाणी पी म्हणून," तो म्हणाला. "दिवसभर रंग वाळवायच्या भट्टीजवळ उभा राहून राहिला, अन् पाणी प्याले त्याले वेळ नाही. पिवळं नाही होईल तर काय होईल?"

मूर्ख नाही तो. तांब्याभर पाणी प्यालो, संध्याकाळपर्यंत रंग फिका झाला. पण पाण्यानं पिवळा फिका होतो. तपकिरी कशानं येतो, ते त्याला सांगता आलं नाही.

३१ ऑक्टोबर, रविवार

डाळीत मीठ कमी. दुसरी गोष्ट, माझ्या तांब्यातल्या पाण्याला वास. मी विचारलं तर म्हणते, "धन्याचं पाणी आहे, मामंजी. उष्णतेवर चांगलं असते."

मला उष्णता झाली हे तिला कोणी सांगितलं? मी तर कोणाला सांगितलं नाही. म्हणजे ही माझ्यावर नजर ठेवून आहे. इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

पाणी मोरीत ओतलं. गोळ्या चार.

७ नोव्हेंबर, रविवार

कालची बाटली नाही. कोनाड्यात पाचची आहे, चारची आहे, सहाची नाही. मांजर बाटली नेत नाही. विनता सकाळी माहेरी, शहरातच गढ्याला जाऊन आली, हातात पिशवी होती. चोराला सावध करून तपासणी होत नसते.

ज्या दिवशी रंग सर्वांत गडद, नेमकी तीच बाटली गेली. पुरावा नाहीसा करणारा माणूस उगाच करत नाही.

आज डोकं फार दुखलं. घरच्या डब्यातल्या चार आणि खिशातल्या डबीतल्या दोन.

११ नोव्हेंबर

जेवायला बसलो तर म्हणते, "मामंजी, गढ्याला एक डॉक्टरीणबाई आहेत. माझ्या आईले त्यांनीच बरं केलं. एकदा दाखवून या ना."

"काहून?"

"पाय सुजून राहिले तुमचे. चपलेचा पट्टा रुतून राहिला पहा."

"ओव्हरटाइम तुझा बाप करतो का?" मी म्हटलं. जरा कडक निघालं तोंडून. पण बारा बारा तास उभं राहिल्यावर कोणाचे पाय सुजत नाहीत? आणि डॉक्टरीण हिच्याच माहेरची कशी? मला तिकडे नेऊन काय द्यायचा विचार आहे?

ती माझ्या शर्टाच्या खिशाकडे पाहत होती. खिशात चष्मा आणि गोळ्यांची डबी, दुसरं काही नव्हतं.

१४ नोव्हेंबर, रविवार

आज जे सापडलं ते आधी लिहून ठेवतो.

विनता शेजारी बेबीताईंकडे पापड लाटायला गेली होती. शिलाई मशीनच्या खणात सुई शोधत होतो, तर शाळेची असते तशी एक छोटी वही निघाली. आत तारखा आणि त्यापुढे एकेक आकडा. नाव नाही, मथळा नाही. ७: सहा. ८: सात. ९: सहा. १०: आठ. ११: सात. असं अर्धं पान भरलेलं.

तिची मशीन खिडकीशी असते. त्या खिडकीतून मोठा रस्ता दिसतो, आणि त्या रस्त्यानं आमच्या गाड्या रंगून, ताडपत्री घालून रेल्वेकडे जातात. गेल्याच आठवड्यात सुरक्षा अधिकाऱ्यांनी आम्हा सगळ्यांना उभं करून सांगितलं की, किती माल निघतो हे घरीसुद्धा बोलू नका, कान कुठेही असतात. आणि हिचा नवरा रेल्वेत. कोणती गाडी केव्हा सुटते ते त्याच्या तोंडून निघत असणारच.

वही जागेवर ठेवली आणि रस्त्यावर लक्ष ठेवून बसलो. रविवार असल्यामुळे संध्याकाळपर्यंत एकही गाडी गेली नाही. दिवा लावायच्या वेळी ती मशीनशी जाऊन आली. मग मी वही पाहिली. १४ पुढे पाच लिहिलं होतं.

गाडी एकही नाही, आकडा पाच. जरा गोंधळलो. मग लक्षात आलं की सरळ आकडा लिहील कशी? सांकेतिक असणार. वही मी काढून घेतली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

सुट्टीमुळे आज डोकं बरं होतं. पाचच गोळ्या लागल्या.

२० नोव्हेंबर

वही हरवली म्हणून विनता दोन दिवस घर उलथंपालथं करत होती. मी विचारलं, काय शोधतेस? म्हणाली, काही नाही. काही नाही म्हणणारा माणूस सगळं सांगून जातो.

सोमवारपासून घरचं अन्न बंद केलं आहे. पाणीसुद्धा. दुपारी तुळशीरामचा डबा, रात्री त्याच्याच घरी. त्याच्या घरच्या अंजनीवहिनी विचारतात, सुनेशी भांडले का? मी म्हणतो, पोट बरं नाही.

आणि आजचा निकाल. सकाळचा पहिला नमुना, उत्तरेची खिडकी: पाणी. निव्वळ पाणी. बाटलीमागे वर्तमानपत्र धरलं तर अक्षर वाचता आलं. काल तसाच, परवा तसाच. तपकिरीचा मागमूस नाही.

सव्वीस वर्षांत एवढा आनंद कुठल्या नमुन्यानं दिला नव्हता. चिठ्ठीवर 'पास' लिहिलं. तिच्या हातचं बंद केलं आणि पाच दिवसांत आतून धुऊन निघालो. आणखी काय सिद्ध करायचं राहिलं?

२२ नोव्हेंबर

बोलून टाकलं. कामावरून आलो, तिनं चहा पुढे केला, मी कप बाजूला सरकवला.

"यापुढे तुझ्या हातचं मला नको. कशात काय घालतेस ते तुला माहीत, अन् आता मलाही माहीत."

ती म्हणाली, "मामंजी, मी तुम्हाले विष देऊन राहिली असं वाटते का?"

"मला काय वाटते त्याचा प्रश्न नाही. बाटल्या सांगतात."

दुसरी एखादी रडली असती, ओरडली असती. हिनं चुलीवरचं दूध उतरवलं, झाकून ठेवलं, पिशवी भरली. दारात थांबली. "मी गढ्याले चालली. ह्यांना तुम्हीच पत्र टाका. फक्त एक ऐका. त्या गोळ्या तेवढ्या कमी करा."

"माझ्या गोळ्यांवर बोलू नको. त्यांच्यावरच तर उभा आहे मी."

गेली. घर एकदम मोठं झालं. मोठं वाटायला नको होतं, पण वाटलं.

२८ नोव्हेंबर, रविवार

सहा दिवस स्वतः रांधतो आहे. वरण, भात, लोणचं. कशालाच चव नाही, तोंडात पैसा धरल्यासारखं लागतं. अंगाला खाज सुटते, ती रंगाची असेल. रात्री तीन-तीनदा उठावं लागतं.

पण नमुना रोज पाण्यासारखा. सकाळचा, दुपारचा, संध्याकाळचा, सगळे एकच. गोळ्या सात आणि एकदा आठ, पण घरात माणूस नसलं की डोकं जास्त दुखतंच.

तुळशीराम म्हणाला, "काहून रे, चेहरा पांढराफटक पडला तुझा." मी त्याला सांगितलं, विष बाहेर पडून राहिलं. तो विचित्र नजरेनं पाहत राहिला. उद्यापासून त्याच्याकडचंही पाणी घेताना विचार करीन.

४ डिसेंबर

काल लढाई पेटली. दिवेबंदी आहे. खिडक्यांना काळे कागद चिकटवले, उत्तरेच्या खिडकीलासुद्धा. नमुना पाहायला सकाळी एक कोपरा सोडवावा लागतो. सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द. रंग वाळायच्या आत पुढच्या गाडीचा पत्रा येतो. चंद्रशेखरचं पत्र नाही. मीही त्याला काही कळवलेलं नाही.

११ डिसेंबर, शनिवार

अर्ज लिहिला. मा. सुरक्षा अधिकारी यांस. माझ्या सुनेच्या हालचाली संशयास्पद असून तिच्याकडे सापडलेली आकड्यांची वही सोबत जोडत आहे. तीनदा लिहिला, तिसऱ्यांदा अक्षर चांगलं आलं. सोमवारी पहिल्या पाळीला देणार.

अर्ज आणि वही कोटाच्या खिशात. देशाचं काम आहे, त्यात घरचं-बाहेरचं पाहायचं नसतं. तरी चंद्रशेखरचा चेहरा सारखा समोर येतो. लहान होता तेव्हा माझ्या हातावरचे रंगाचे डाग केरोसिननं पुसून द्यायचा.

गोळ्या आठ.

१३ डिसेंबर, सोमवार

हे तुळशीरामच्या घरी पडून लिहितो आहे. काल सकाळी कमरेच्या उजव्या बाजूला अशी कळ आली की भिंत धरून खाली बसलो. मग लघवी झाली, आणि ती लाल होती. रंगपट्टीत पाहायची गरज पडली नाही. रक्त मला ओळखता येतं.

कसाबसा तुळशीरामच्या दारापर्यंत गेलो. त्यानं रिक्षा आणली. रविवार, लढाईचे दिवस, दवाखाने बंद. तोच म्हणाला, गढ्याला एक विभावरी डॉक्टरीण आहेत, त्या घरीच तपासतात. मला उतरून जायचं होतं, पण उतरायला पाय नव्हते. बाटल्यांची पिशवी मात्र मी सोडली नाही. लालही, आणि 'पास' लिहिलेल्याही.

बाई पन्नाशीच्या. परक्या बाईसमोर असल्या बाटल्या मांडायच्या म्हणजे जीव नकोसा झाला. त्यांनी लाल बाटली पाहिली, मान हलवली आणि बाजूला ठेवली. मग पाण्यासारख्या बाटल्या एकेक करून चिठ्ठी वाचत पाहिल्या. त्यांचा चेहरा उतरला तो या बाटल्या पाहून.

"ह्या सगळ्या सकाळच्या पहिल्या?"

"हो. त्या चांगल्या आहेत. खराब ती एकच."

"अंबादासजी, रात्रभर झोपून उठल्यावर लघवी पिवळी पाहिजे. गवताच्या काडीसारखी तरी. तो रंग म्हणजे रक्तातून गाळून बाहेर टाकलेली घाण. ही पाण्यासारखी आहे, दिवसभर एकसारखी आहे, म्हणजे घाण बाहेर येऊन नाही राहिली. आतच राहून राहिली. मूत्रपिंडं नुसतं पाणी सोडताहेत. तुम्ही तपासणीत आहात ना? समजा तुमच्या टेबलावरून एकही पत्रा परत जात नाही. तर त्याचा अर्थ माल चांगला आहे, का तपासणारा बसला आहे?"

'पास' असं मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं.

बाईंनी काचेच्या नळीत लघवी तापवली, ती दह्यासारखी फाटली. म्हणाल्या, फेस यायचा तो यामुळेच. मग बाटलीत एक काचेचा दांडा सोडून ती किती पातळ आहे ते पाहिलं. शेवटी विचारलं, "डोक्याच्या गोळ्या किती घेता?"

"एखाद-दुसरी."

"किती वर्षं?"

"असतील दहा-बारा."

"विनता सांगत होती रोजच्या सात-आठ," त्या म्हणाल्या. "महिन्यापूर्वी तुमची एक बाटली घेऊन आली होती ती. मी तेव्हाच म्हटलं, त्यांना घेऊन ये, अन् गोळ्या मोजून ठेव, नुसत्या अंदाजावर मला सांगता येत नाही. एवढी वर्षं एवढ्या गोळ्या पोटात गेल्या तर मूत्रपिंडं आतून सडतात, असं बाहेरच्या देशांतले डॉक्टर सांगून राहिले. ती रोज डबा मोजायची म्हणे. तारखेनिशी वही ठेवली होती, पण हरवली."

वही माझ्या छातीशी होती. कोटाच्या आतल्या खिशात, अर्जासोबत.

तुळशीराम म्हणतो, तू एकदम रडायला लागलास, मला वाटलं कळ आली. मी त्याला तसंच वाटू दिलं.

बाई शेवटी म्हणाल्या, गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते राखायचं. गोळी एकही नाही, मीठ कमी, दर आठवड्याला तपासणी.

धन्याचं पाणी चालेल का, मी विचारलं. त्या म्हणाल्या, चालेल, त्यानं बिघडत काही नाही.

१५ डिसेंबर

घरी आलो. अर्ज चुलीत घातला. मग विनताची वही आणि ही वही शेजारी ठेवून ताळा पाहिला. मी जिथे जिथे आकडा लिहिला आहे तिथे तिचा तोच आहे. सात तारखेला माझ्या घरच्या चार आणि खिशातल्या दोन, तिच्या सहा. खिशातल्या डबीचाही हिशेब तिला होता. चौदा तारखेच्या पाच, त्याही बरोबर. दहा तारखेला तिनं आठ लिहिल्या आहेत. त्या दिवशी मी लिहिलंच नव्हतं, पण तिचं खरं असणार.

तिच्यावरच्या आरोपांची यादी काढली तर प्रत्येक गोष्ट खरी निघते. नजर ठेवली, बाटली नेली, मीठ कमी केलं, पाण्यात काहीतरी घातलं. तपशिलात माझी एकही चूक नाही. आणि त्याच पोरीला मी सुरक्षावाल्यांच्या हवाली करायला निघालो होतो. लाज वाटते, हे इथेच लिहू शकतो.

गोळी न घेता तिसरा दिवस. डोकं असं दुखतं की दिवा नको वाटतो.

१७ डिसेंबर, शुक्रवार

काल लढाई संपली. फॅक्टरीत पेढे वाटले म्हणे. मी रजेवर आहे. दुपारी गढ्याला गेलो. वाटेत रिक्षावाल्याला पोरं थांबवून गुलाल लावत होती, मलाही लावला.

विनताचे वडील भाऊराव दारात आले, या म्हणाले नाहीत, पण बाजूला झाले. विनता ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी तिची वही तिच्यासमोर ठेवली. घरून निघताना चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही.

"माझ्या खिशात होती," एवढंच म्हणालो. "मी काय समजलो ते विचारू नको. सांगवणार नाही."

तिनं वही घेतली. पानं पाहिली. मग म्हणाली, "गोळ्या?"

"बंद. पाच दिवसांत एक नाही."

"डबा कुठी आहे?"

मी पिशवीतून डबा काढून दिला. तिनं झाकण काढून आत पाहिलं, रिकामा डबा बाजूला ठेवला आणि पुन्हा हात पुढे केला.

"खिशातली डबी."

डबीत दोन होत्या. अगदीच असह्य झालं तर असाव्यात म्हणून ठेवल्या होत्या, आणि हे मी स्वतःलासुद्धा नीट सांगितलं नव्हतं. तिला दिली. तिनं त्या दोन गोळ्या मोरीत टाकल्या, पाणी ओतलं, पेन्सिल आणली आणि वहीत आजची तारीख घालून पुढे शून्य लिहिलं.

"घरी येशील का?" मी विचारलं.

"उद्या सकाळचा पहिला घेऊन या," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईंकडे दोघं जाऊ. मग पाहू."

राग आला नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं.

१८ डिसेंबर

खिडकीचा काळा कागद काढला. सकाळचा पहिला नमुना उत्तरेच्या उजेडात धरून पाहिला. किंचित पिवळा वाटतो आहे. पण तो पिवळा असावा असं मला फार वाटतं आहे, म्हणून माझ्या डोळ्यावर विसंबत नाही. चिठ्ठीवर फक्त तारीख लिहिली. बाटली फडक्यात गुंडाळली आहे, रिक्षा आली की निघतो.